सत्कार नको, संपादन द्या : नवोदितांच्या वतीने एक खुले पत्र

प्रति,
मराठी प्रकाशक, दिवाळी अंकांचे आणि नियतकालिकांचे संपादक, नवोदितांसाठी स्पर्धा व पुरस्कार चालवणाऱ्या साहित्यसंस्था आणि संमेलनांचे आयोजक यांस,

सस्नेह नमस्कार.

गेल्या महिन्यात एका साहित्यसंस्थेने नवोदित कथाकार आणि कवींसाठी स्पर्धा जाहीर केली. नियमावली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. स्पर्धकाचं वय ३५ च्या आत हवं. लेखन ‘शुद्ध व प्रमाण मराठीत’ हवं. ते आधी कुठेही, अगदी फेसबुकवरही, आलेलं नसावं. प्रवेशशुल्क ५०० रुपये. लेखनासोबत स्वतःची ‘पार्श्वभूमी आणि संघर्ष’ सांगणारा ३०० शब्दांचा मजकूर जोडायचा. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत : निवड न झालेल्या साहित्याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. हे नियम तिने एकटीने काढलेले नाहीत. यातला एखाददुसरा नियम जवळजवळ प्रत्येक नवोदित स्पर्धेत, कवितांच्या निवडीत, पुस्तकाच्या बोलणीत मला दिसत आला आहे. यावेळी ते सगळे एका कागदावर आले, एवढंच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी कोण, ते सांगते. तालुक्याच्या गावी माझा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल यांच्या जोडीने माझ्याकडे कविता येतात, कथा येतात, कादंबऱ्या येतात. कुणी दोनशेपानी वहीत लिहून आणतं, कुणी जुन्या डायरीत, कुणी मोबाईलवर टाईप करून तुकड्यातुकड्यांनी पाठवतं. आणणाऱ्यांत गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पहिली पदवीधर मुलगी आहे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक आहे. मीही कथा लिहिते. चाळिशी ओलांडल्यावर लिहायला लागले, म्हणजे या स्पर्धेच्या पहिल्याच नियमाला मी बाद आहे. पण पत्र लिहिण्याचं कारण तेवढंच नाही. ही हस्तलिखितं सगळ्यांच्या आधी मी वाचते. आणि पुष्कळदा माझ्यानंतर ती कुणीच नीट वाचत नाही, हेही मलाच आधी कळतं.

वयाचा नियम आधी घेते. साहित्य अकादमीने २०११ पासून युवा पुरस्कार सुरू केला, त्याला ३५ वर्षांची मर्यादा आहे. तो तरुणांसाठीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नवा लेखक म्हणजे तरुण लेखक असं धरून तीच अट जिथेतिथे लावण्याबद्दल. बाईच्या हाताला लिहिण्याचा वेळ कधी लागतो, याचा जरा विचार करा. मुलं आपापली शाळेत जायला लागतात, घरातलं म्हाताऱ्या माणसांचं आजारपण सरतं, कर्जाचे हप्ते संपत येतात, तेव्हा कुठे रात्री ओटा पुसून झाल्यावर वही उघडता येते. शाळा मध्येच सुटलेली, मग बाहेरून बारावी आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यांची पहिली कविता पंचेचाळिसाव्या वर्षीची असते. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं. वयाच्या अटीने जे साहित्य गळतं ते कमअस्सल असतं, असं म्हणण्याची हिंमत मराठीत तरी कुणी करू नये. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांमध्ये पहिल्या पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार आहेत : कवितेला बहिणाबाईंच्याच नावाचा, कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या, लघुकथेला ग. ल. ठोकळ यांच्या. पहिलं पुस्तक हा मापदंड आपल्याकडे आहे, तो वापरा. जन्मतारीख कशाला हवी?

बहिणाबाईंचं नाव निघालंच आहे तर भाषेच्या अटीबद्दल बोलते. त्यांची कविता लेवा बोलीतली. ‘शुद्ध व प्रमाण मराठीत’ असा नियम लावला असता तर ती पहिल्याच ओळीत अडकली असती. ज्यांच्या नावाने आपण नव्या कवींना पुरस्कार देतो, त्यांनाच आपली स्पर्धा आत घेणार नाही, असा नियम करताना कुणाला काहीच कसं वाटलं नाही?

हे कागदावर कसं घडतं ते मी रोज पाहते. एका मुलीच्या कथासंग्रहाची प्रुफं प्रकाशकाकडून तपासून माझ्याकडे दुरुस्तीला आली. कथेत वऱ्हाडातली आजी आहे. नातीने शहरात चल म्हटल्यावर ती म्हणते, “मले नाई जमत बाप्पा.” लाल शाईने ‘मले’चं ‘मला’ केलं होतं, ‘नाई’चं ‘नाही’, आणि ‘बाप्पा’ खोडून त्यावर ‘बाबा’ लिहिलं होतं. पान उलटत गेले, सगळीकडे तेच. कथेतल्या सगळ्या माणसांना एकाच शाळेत बसवून एकच धडा वाचायला लावावा तशी ती पानं झाली होती. मी त्या मुलीला फोन केला. तिने विचारलं, “ताई, त्यांना परत सांगितलं तर पुस्तक थांबवतील का?” पहिलं पुस्तक करणाऱ्या माणसाच्या मनात ही भीती असते, आणि ती तुम्हाला माहीत असते.

दुरुस्त्या करणाऱ्यांनी नियमांचा दाखला दिला होता. ते नियम मीही रोज वापरते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडली. बोलण्यातल्या भाषेचं चित्रण करताना वेगळी रूपं चालतील, वृत्त सांभाळताना ऱ्हस्व-दीर्घाबाबत कवीला मोकळीक असावी, हे त्या नियमांतच लिहिलेलं आहे. नियम करणाऱ्यांना लिहिणाऱ्याची अडचण कळत होती. ती नियम राबवणाऱ्यांना का कळू नये?

विजय तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांच्या पहिल्या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिली, तो १९७२ चा ‘गोलपिठा’. त्यातले कितीतरी शब्द तेंडुलकरांच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी ते बदलायला सांगितले नाहीत. त्यांनी अर्थ विचारले, ढसाळांसोबत ती वस्ती पाहिली, आणि आपल्याला काय ठाऊक नव्हतं हे प्रस्तावनेत उघडपणे लिहिलं. नावाजलेल्या लेखकाने टॅक्सी चालवणाऱ्या नव्या कवीच्या भाषेकडे चालत जाण्याचं हे उदाहरण मराठीतलंच आहे.

आणि प्रश्न नुसता अहिराणी, मालवणी, झाडीबोलीचा नाही. ज्यांच्या घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, भिली, कोरकू, गोंडी बोलली जाते त्यांना मराठी शाळेत भेटते. ती माणसं मराठीत लिहितात तेव्हा त्यांच्या वाक्याची ठेवण वेगळी येते, क्रियापद भलत्याच जागी येतं आणि तिथे शोभतं. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम या आदिवासी कवींनी मराठी कवितेत जे आणलं ते दुसरीकडून येणारच नव्हतं. वीरा राठोड यांच्या ज्या कवितासंग्रहाला २०१५ चा युवा पुरस्कार मिळाला त्याचं नावच गोरमाटीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या दाव्यासाठी ज्या गाथा सप्तशतीचा आधार घेतला, ती माहाराष्ट्री प्राकृतातली, शेता-घरातल्या माणसांच्या जगण्यातून आलेली. दोन हजार वर्षांपूर्वीची बोली चालते आणि आजची चालत नाही, हे मला पटत नाही.

एक धंद्यातली गोष्ट मध्येच सांगते, कारण ती कुणी बोलत नाही. नवे लेखक बहुतेक मोबाईलवर, युनिकोडमध्ये लिहितात. पुष्कळ छापखान्यांना आणि प्रकाशकांना अजून मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्येच हवा असतो. एकातून दुसऱ्यात नेताना रफार उडतो, ‘ऱ्या’ तुटतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला लागते. मग तोच मजकूर वाचून कुणी म्हणतं, “यांना साधं शुद्ध लिहिता येत नाही.” पुण्या-मुंबईतल्या लेखकाचा मजकूर सुधारून घ्यायला कुणीतरी असतं. मेळघाटातल्या शिक्षकाच्या कवितेच्या वाट्याला तुटका ‘ऱ्या’ आणि वर हा शेरा येतो.

फेसबुकच्या नियमाबद्दल फार लिहीत नाही. ज्याला मासिक ठाऊक नाही, ज्याच्या गावात साहित्यमंडळ नाही, त्याने कविता वाचायला द्यायची कुणाला? दोनशे ओळखीच्या माणसांनी मोबाईलवर वाचलेली कविता ‘पूर्वप्रकाशित’ म्हणून बाद करणं म्हणजे ज्याला दुसरा वाचकच नाही त्याला शिक्षा करणं आहे. ओळखीच्या मंडळात, कवितावाचनाच्या कार्यक्रमात शंभर जणांसमोर वाचलेली कविता मात्र तुम्ही अप्रकाशितच धरता.

पैशाचं मात्र नीट बोलायला हवं. ५०० रुपये शुल्क परीक्षकांच्या मानधनासाठी लागतं, असं सांगितलं जातं. ज्यांच्यासाठी स्पर्धा आहे त्यांच्याकडूनच तिचा खर्च काढायचा, आणि नंतर त्याच पैशांतून त्यांना स्मृतिचिन्ह द्यायचं, हे मला योग्य वाटत नाही. पण शुल्क ही लहान रक्कम झाली. पहिलं पुस्तक काढायचं तर लेखकाकडूनच छपाईचे पैसे घ्यायचे, किंवा अमुक इतक्या प्रती त्यानेच विकत घ्यायच्या, ही आज सर्रास चालणारी पद्धत आहे. माझ्यासमोर हे व्यवहार होतात. करारपत्र नसतं. किती प्रती छापल्या, किती विकल्या, याचा हिशेब नसतो. मानधनाचा विषय काढणं हाच उद्धटपणा ठरतो. कवितेची पुस्तकं खपत नाहीत हे मला कळतं, प्रकाशकाचं कागदाचं बिलही मला कळतं, माझाही धंदा त्याच कागदावर आहे. पण लेखकाच्या पैशाने पुस्तक काढायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, पावती द्या, आणि ‘आम्ही नव्यांना संधी देतो’ असं भाषणात म्हणू नका. एका कंडक्टर दादांनी कवितासंग्रहासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं. पुस्तकाचे गठ्ठे त्यांच्या घरी माळ्यावर आहेत. बायकोने त्यांना बोल लावला नाही, पण त्यांनी त्यानंतर कविता लिहिलेली नाही. संधी मिळालेला नवा लेखक तो हाच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ १९६० सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्या योजनेतून मदत मिळते. चांगली योजना आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. कर्ज काढण्याआधी कुणी त्यांना एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

आता त्या ३०० शब्दांच्या मजकुराकडे येते. मला सगळ्यात जास्त लागलेली अट हीच आहे. ‘पार्श्वभूमी आणि संघर्ष’ कशासाठी हवा? परीक्षकांनी कथा वाचायची की कथा लिहिणाऱ्याचं घर?

माझ्याकडे येणाऱ्या त्या सुरक्षारक्षक मुलाने एक दीर्घकथा लिहिली. जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून आयुष्य काढलेली एक बाई निवृत्त होते. पक्षकारांची तोंडं, नावं तिला आठवत नाहीत, पण तिने टाईप केलेल्या निकालपत्रांतली वाक्यं रात्री जशीच्या तशी आठवतात. कुठल्याशा एका निकालात आपल्या हातून एक स्वल्पविराम भलत्या जागी पडला, आणि त्यामुळे कुणाचं तरी काहीतरी बदललं, असं तिच्या मनाने घेतलं आहे. ती तो निकाल शोधायला जुन्या कचेरीत जायला लागते. टाईप करताना माझा हात पुन्हा पुन्हा थांबत होता, कारण मला पुढचं वाचायचं होतं. त्याने ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, त्याबद्दल त्यांचे आभारच. उत्तरात लिहिलं होतं की भाषा चांगली आहे, मात्र आपण सुरक्षारक्षक म्हणून काम करता असे समजते, तरी ते अनुभवविश्व लेखनात आणावे, वाचकांना भावेल.

संपादक महोदय, कथेत काही कमी असेल तर तेच सांगायचं होतं. शेवट लांबला आहे, मधल्या भागात वकिलाचं पात्र कशाला आहे, असं काहीही. मलाही ते वकिलाचं पात्र जादा वाटलं होतं. पण तुम्ही त्याला सांगितलंत की तू तुझ्या जागेवरून हलू नकोस. न्यायालयातली बाई मनाने उभी करायचा अधिकार कुणाला आहे? ज्याच्या घरात वकील आहेत त्याला? बऱ्या घरातल्या, शहरातल्या लेखकाने झोपडपट्टीवर लिहिलं की आपण त्याच्या कल्पनाशक्तीची वाखाणणी करतो. रात्रपाळी करणाऱ्याने मात्र रात्रपाळीवरच लिहायचं. त्याच्याकडून आपल्याला साहित्य नको, साक्ष हवी आहे.

याचा परिणाम मी मजकुरातच पाहते. मुलं शिकतात. पहिल्या वहीत पाऊस असतो, प्रेम असतं, एखादी भन्नाट भुताची गोष्ट असते. दोन-तीन स्पर्धा झाल्या की तिसऱ्या वहीत फक्त हाल असतात, कारण हालांना बक्षीस मिळतं हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं. आत्मचरित्र लिहायला नको असं मी म्हणत नाही. मराठी गद्य ज्यांनी हलवून सोडलं त्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची आत्मकथनं सगळ्यात पुढे आहेत. पण ती त्यांनी स्वतःला लिहायची होती म्हणून लिहिली, कुणाच्या अर्जाचा रकाना भरायला नाही. तसंच नावांचं. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, अण्णाभाऊ साठे यांनी त्याचं उद्घाटन केलं. ते नाव लेखकांनी स्वतः घेतलं, त्यात भूमिका होती, भांडण होतं. आज तुम्ही कार्यक्रमपत्रिकेत ‘ग्रामीण’, ‘आदिवासी’, ‘स्त्रियांचे’ असे परिसंवाद लावता आणि त्यात माणसं बसवता, तेव्हा ते नाव त्यांनी घेतलेलं नसतं. आदिवासी कवयित्रीला कधी ‘कवितेतील लय’ या विषयावर बोलवा. कंडक्टर असलेल्या कादंबरीकाराला ‘कादंबरीतील काळ’ यावर बोलवा. त्यांनी त्याचाही विचार केलेला असतो.

तुळजापूरचे देविदास सौदागर शिवणकाम करत लिहितात. त्यांच्या कादंबरीला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण बातम्या शिलाई मशीनभोवतीच फिरत राहिल्या. कादंबरीचा घाट कसा आहे, तिने कामाच्या तपशिलातून काय साधलं, यावर मला फार थोडं वाचायला मिळालं. २०१८ चा युवा पुरस्कार मिळालेल्या नवनाथ गोरे यांच्यावर टाळेबंदीत शेतमजुरी करण्याची वेळ आली, तेही आपण बातमीतच वाचलं. शाल-श्रीफळाचे फोटो त्यांच्याकडेही असतील. कष्टांचं कौतुक करून आपण लेखकाला त्या कष्टांतच ठेवून परत येतो, आणि त्याच्या लिखाणाशी आपला संबंध पहिल्या आवृत्तीबरोबर संपतो.

आता ठळक अक्षरांतली ती शेवटची ओळ. पत्रव्यवहार केला जाणार नाही. मराठीत नवे लेखक घडले ते याच्या बरोबर उलट कामाने. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेची चर्चा करत, बदल सुचवत, पुन्हा लिहून मागवत. त्याच ‘सत्यकथे’चा अंक १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुण लेखकांनी जाळला, कारण तिचं दार सगळ्यांना उघडं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी दोन्ही बाजू खऱ्या मानते. काटेकोर वाचन हवं, आणि ते सगळ्यांच्या वाट्याला यायला हवं. आज दार उघडलंय असं तुम्ही सांगता, संमेलनातल्या कविकट्ट्यावर शेकड्यांनी कवी येतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं आणि एक प्रमाणपत्र मिळतं. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. समोर बसलेले असतात आपला नंबर कधी येईल याची वाट पाहणारे दुसरे कवी. निमंत्रितांच्या मंचावर बसलेल्यांपैकी कुणी तिथे येऊन ऐकत नाही. दार उघडं आहे आणि आत घरातलं कुणी नाही.

नव्या माणसांनी प्रस्थापित संस्थांना पत्र लिहिणं नवीन नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा महात्मा फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र पाठवून नकार कळवला. जे माणसांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. मला नकार कळवायचा नाही. आमच्या लोकांना या सभेत यायचं आहे, या भाषेत लिहायचं आहे, तुमच्याकडूनच छापून यायचं आहे. म्हणून मागण्या लिहिते.

स्पर्धा आणि पुरस्कारांतली वयाची अट काढा, पहिलं पुस्तक किंवा अप्रकाशित लेखन एवढीच अट ठेवा. ‘प्रमाण मराठीत’ हे शब्द नियमावलीतून काढा आणि तिथे ‘मराठीच्या कोणत्याही बोलीत’ असं स्पष्ट लिहा. बोली कळणारा एक तरी परीक्षक ठेवा. युनिकोडमधला मजकूर स्वीकारा, हस्तलिखितही स्वीकारा. फेसबुकवर आलेली कविता बाद करू नका.

नवोदितांकडून शुल्क घेऊ नका. लेखकाच्या पैशाने पुस्तक काढत असाल तर लेखी करार करा, प्रतींची संख्या त्यात लिहा आणि वर्षाला हिशेब द्या. बोलीतला शब्द बदलण्याआधी लेखकाची लेखी संमती घ्या.

परीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीवर लेखकाचं नाव, गाव, व्यवसाय काहीही नको. परिचय निकालानंतर मागा, आणि त्यात काय लिहायचं ते लेखकाला ठरवू द्या. ज्याला संघर्ष सांगायचा आहे तो सांगेल. ज्याला सांगायचा नाही त्याला विचारू नका.

नाकारलेल्या प्रत्येक लेखनाला उत्तर देणं शक्य नसेल, हे मी मान्य करते. पण अंतिम फेरीपर्यंत आलेल्या लेखनाला तरी अर्धं पान लिहा : काय जमलं, कुठे फसलं. स्मृतिचिन्हं, शाली आणि भोजनाचा खर्च वळवला तर या वाचनाचं मानधन त्यातून निघेल. संमेलनाच्या प्रत्येक दिवशी, कविकट्ट्यावर निमंत्रितांपैकी दोन कवी आणि एक संपादक पूर्ण वेळ ऐकायला बसतील असं कार्यक्रमपत्रिकेत छापा.

साहित्य आणि संस्कृती मंडळाला वेगळी विनंती : नवलेखक अनुदान योजनेची माहिती आणि अर्जाचा नमुना राज्यातल्या शासनमान्य ग्रंथालयांत दर्शनी भागात लावा. ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, गावोगाव ग्रंथालयांची मोठी साखळी आहे, आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक लेखक तिथेच वाचायला शिकला आहे.

ज्या स्पर्धेवरून हे पत्र लिहिलं तिची मुदत अजून संपलेली नाही. नियम बदलायला वेळ आहे. सुधारलेली नियमावली काढलीत तर ती जुळवून, छापून माझ्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रंथालयांत आणि एसटी डेपोत लावण्याचं काम मी करेन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक अक्षरजुळणीकार आणि कथालेखिका